राजिमच्या वाळूतलं गंगाजल

भनपुरी, रायपूर
५ जानेवारी २००७

गंगाजल,

काल संध्याकाळी तुझा नवरा आमच्या घरी आला होता. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. चौबे कॉलोनीतून ट्रकांची धूळ खात, स्कूटर चालवत यशवंतराव भनपुरीला येतो, तेव्हा मला वाटलं, मुलीचं लग्न ठरवायला आला असेल. तो मोडायला आला होता.

खुर्चीच्या टोकावर बसला. दयारामने भाजलेल्या शेंगांची ताटली पुढे केली, तिला हात लावला नाही.

"कांताबाई," म्हणाला, "तुमच्या संघर्षमध्ये खोट काढायला जागा नाही. इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे. आमच्या देवश्रीच्या मनात तो आहे, हे बी मले माहीत आहे. जातीपातीचं तर आमच्या घरात कोणी नाव घेत नाही."

"मग?"

"मग अडचण परंपरेची आहे. तुम्ही आणि पद्मिनी गंगाजल. गंगाजलांची लेकरं म्हणजे भाऊ-बहीण. भावाबहिणीचं लग्न कसं लावायचं, तुम्हीच सांगा. तुम्ही विचारवंत."

दयाराम, संघर्षचा बाप, हसायला लागला आणि ठसका लागून आत गेला. मी हसले नाही. आयुष्यभर मी व्यासपीठांवरून परंपरेशी भांडले, पण इतकी धूर्त परंपरा पहिल्यांदाच माझ्या समोर बसलेली पाहिली.

हे पत्र त्याला वाचून दाखव. त्यासाठी, तुला ठाऊक आहे तेही लिहिते.

आपण अकरा-बारा वर्षांच्या होतो. दोघींचे बाप वॅगन कारखान्यात, क्वार्टर एकाच ओळीत. माघी पुन्नीच्या मेळ्याला दोन्ही घरं छोट्या लाईनच्या गाडीने राजिमला गेली. आपल्या पाऱ्यातली, वस्तीतली, साहू दाई बरोबर होती. तिनेच आपल्याला संगमाच्या वाळूत समोरासमोर बसवलं. गडवीतलं गंगेचं पाणी एकमेकींच्या ओंजळीत, टिळा एकमेकींच्या कपाळाला, नारळांची अदलाबदल, आणि गुळात घोळलेल्या लाह्यांचा उखरा एकमेकींच्या तोंडात. मग दाई म्हणाली, "आता एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. ती तुझी गंगाजल, तू तिची. तिचे मायबाप तुझे, तुझी लेकरं तिची." आपल्याला तो खेळ वाटला. विदर्भातून आलेल्या आपल्या घरांना कुठे ठाऊक होतं, की छत्तीसगडची माणसं हे नातं तीन-तीन पिढ्या पाळतात, सुतकासकट?

माझ्या बापाने छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती. घरातले देव त्याने स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते, आणि त्याची पोरगी नदीवरून गंगाजल घेऊन परतली. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. तुझ्या आईने तुला डोक्यावरून आंघोळ घातली. दोघांनाही एकच गोष्ट खुपली होती: या रिवाजात जात विचारत नाहीत. मुद्दाम विचारत नाहीत. तेली आणि गोंड, राऊत आणि सतनामी यांच्यामध्ये जो दरवाजा कुठूनच उघडत नव्हता, तो उघडायला इथल्या माणसांनी ही युक्ती शोधली. आणि तुझा यशवंतराव तोच दरवाजा उचलून आमच्या तोंडावर लावायला आला.

त्याला गंगाजल आज आठवलं. देवश्रीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मी लुगडं घेऊन आले, तेव्हा कुठे होतं? तू ते नेसली नाहीस. महिनाभराने सदर बाजारात तुमच्या भांडेवालीच्या अंगावर मी ते पाहिलं. तिला शोभत होतं, म्हणून गप्प राहिले.

मला उत्तर हवं आहे, तुझ्या तोंडून. जातीमुळे नाही म्हणायचं असेल तर तसं म्हण. तुला शिव्या देईन आणि मुलाला समजावेन. पण नदीच्या आड लपू नकोस.

कांता


४ फेब्रुवारी २००७

गंगाजल,

तुझं उत्तर आलं नाही. तुला मात्र मी परवा पाहिलं.

होय, पुन्नीला मी राजिमला गेले होते. तू मंडपाच्या दाराशी छातीवर बिल्ला लावून उभी होतीस, साध्वींना वाट दाखवत. मला पाहिलंस आणि एका म्हातारीला हाताला धरून उगाच दुसऱ्या बाजूला नेलंस. तिला तिकडे जायचं नव्हतं. ती सांगत होती, "बेटी, मोला ओती नई जाना हे."

दोन वर्षांपूर्वी याच मेळ्याला सरकारने कुंभ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मराठी मंडळींच्या सभेत मी बोलले, आणि तू पहिल्या रांगेतून उठून गेलीस. तेव्हापासून आपण बोलत नाही. त्या दिवशी तू अर्धंच भाषण ऐकलंस. उरलेलं आज ऐक.

अमृताचे थेंब चार ठिकाणी पडले आणि म्हणून चार कुंभ, हे तू मुलांना सांगतेस. समुद्रमंथन जुनं आहे, पण ते थेंब या चार गावांना बांधणारी गोष्ट जुन्या पुराणांत सापडत नाही, असं अभ्यासक सांगतात. प्रयागच्या संगमावर माणसं त्याआधी किती शतकं जमत होती. तिथल्या मोठ्या मेळाव्याचं जुनं वर्णन कुणी लिहून ठेवलं? एका चिनी बौद्ध भिक्षूने. राजा हर्ष दर पाच वर्षांनी संगमावरच्या वाळूत येई, पहिल्या दिवशी बुद्धाची मूर्ती, मग सूर्य, मग शिव, आणि नंतर अंगावरचे दागिनेसुद्धा वाटून टाकी. शेवटी बहिणीकडून जुनं वस्त्र मागून नेसे. तुमच्या मंडपात हे कुणी सांगतं? माणसं आधी आली. गोष्ट मागाहून आली. नाव तर सगळ्यांत शेवटी आलं.

आणि राजिमला अमृताचा थेंब लागलाच नाही. तिथे तेल होतं. राजिम नावाची तेलीण घाण्याचं तेल विकायला निघाली, नदीकाठी ठेच लागली, वाळूतून दगड निघाला. तिने तो तेलाच्या भांड्यावर ठेवला आणि भांडं रितं होईना. राजाने तो देव मागितला, तर ती म्हणाली, नेतोस तर ने, पण माझं नाव लाव. ही लोकांची कथा आहे, आपल्याला साहू दाईने सांगितलेली. मी देव मानत नाही. पण राजापुढे उभी राहून स्वतःचं नाव मागणारी बाई मी मानते. महानदी, पैरी आणि सोंढूर तिथे भेटतात, म्हणून माणसं तिथे अस्थी आणतात, सोयरीक जुळवतात, मितान बदतात, म्हणजे आपल्यासारखं मैत्रीचं नातं बांधतात, रहाटपाळण्यात बसतात, उखरा खातात. शाही स्नान आणि आखाडे येण्याच्या आधीपासून. परंपरा म्हणजे तुझ्या छातीवरचा बिल्ला नव्हे.

असं मी तासभर बोलू शकते, हे तुला माहीत आहे. आता जे मला बोलता येत नाही ते लिहिते.

मी मेळ्यात भाषण द्यायला गेले नव्हते. एक गोष्ट विचारायला गेले होते. कुलेश्वराच्या पायऱ्यांखाली तेलिणींचा घोळका शिदोरी सोडून बसला होता. त्यांच्यात जाऊन बसले आणि विचारलं, गंगाजल मोडायचं असेल तर काय करतात? त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"गंगाजल घलो टूटथे का, ओ?" एक म्हणाली.

"भांडण झालं तर?"

"झगरा होही त झगरा करव. झगरा बर त बदे हवव." भांडण झालं तर भांडा, त्यासाठीच तर नातं जोडलंय. आणि मला चिवड्याचा घास देऊन त्या खिदळत राहिल्या.

विचारायची पाळी तुझ्या मुलाने आणली. सचिनचा पुण्याहून फोन आला होता. "मौसी, आप एक बार स्टेज से बोल दो ना, कि ये गंगाजल-वंगाजल आप नहीं मानतीं. आप तो वैसे भी कुछ नहीं मानतीं. पापा के पास फिर बहाना ही नहीं बचेगा." किती सरळ. माझ्या तोंडून चार शब्द, आणि संघर्ष-देवश्रीची वाट मोकळी. चौदा एप्रिलच्या सभेत हजारो माणसं असतात, त्यांनी टाळ्याही वाजवल्या असत्या.

मी सचिनला म्हटलं, विचार करते. चार दिवस केला. दयाराम जेवताना म्हणाला, "सगळे देव बुडवले तू. एक लोटाभर पाणी सांडता येत नाही तुले?"

नाही येत. काहून येत नाही, हेही सांगते, म्हणजे तुला माझ्यावर हसता येईल. माझी आई गेली तेव्हा तू बी. ए.ला होतीस. तू दहा दिवस केसांना तेल लावलं नाहीस, मीठ खाल्लं नाहीस. तुझ्या आईने विचारलं, "काहून असं करून राहिली?" आणि तू म्हणालीस, "माझी माय मेली." तुझ्या आईने तुला मारलं, तरी तू मीठ खाल्लं नाहीस. मी आमच्या घरात कुठलंच सुतक पाळलं नव्हतं. आम्ही ते सोडलेलं. माझ्या आईचं सुतक रायपुरात एकाच घरात पाळलं गेलं, तुझ्या.

म्हणून ते चार शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. आणि तुझ्या नवऱ्याला हे ठाऊक आहे, कारण तूच त्याला सांगितलं असणार. माझ्या आईचं सुतक तू त्याच्या हातात दगड म्हणून दिलंस.

कांता


२२ मार्च २००७

गंगाजल,

मुलांनी आपली वाट पाहणं सोडलं. चांगलं केलं. विशेष विवाह कायद्याखाली अर्ज दिला, नोटीस लागली, आणि महिन्याची मुदत संपायच्या आत तुझ्या नवऱ्याने हरकत घेतली. कागद मी पाहिला. कायद्यात जवळच्या नात्यातल्या लग्नाला बंदी आहे. त्या कलमाखाली यशवंतरावांनी लिहिलं आहे की वर आणि वधू हे छत्तीसगडच्या रूढीप्रमाणे बहीण-भाऊ आहेत.

दयारामला मी तो वाचून दाखवला. तो म्हणाला, "माणूस शिकलेला असला की जात बी कलम लावून मांडते."

देवश्री काल ऑफिस सुटल्यावर इथे आली होती. सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी टेकली. तिला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदीतच, तुमच्या सगळ्या मुलांसारखी. "मौसी, मम्मी ने ना नहीं कहा है."

"हो म्हणाली का?"

"हाँ भी नहीं कहा. वो कुछ बोलती ही नहीं. पूजा करती है, खाना बनाती है, पापा के कपड़े प्रेस करती है."

"मग ती नाहीच म्हणून राहिली, पोट्टी. बाईचं नाही असंच असतं."

ती रडली नाही. म्हणाली, चौकशीला दोघी आयांना बोलावलं आहे, आणि पापा घरात सांगत फिरतात की आता मजा बघा. कांताबाईने हो म्हटलं तर रूढी सिद्ध झाली. नाही म्हटलं तर सगळ्या शहराला कळेल, की हिच्या शब्दाला पाण्याइतकीही किंमत नाही, आणि असल्या बाईच्या घरात मुलगी कशी द्यायची.

सापळा चांगला आहे. मी त्याच्याशी भांडत नाही. तो निदान मैदानात उभा आहे. तू कुठे आहेस? तू दर वर्षी संगमात बुडी मारतेस. ज्या पाण्यात तू बुडी मारतेस त्याच पाण्याने माझ्या मुलाचं लग्न मोडतंय, आणि तू नवऱ्याच्या कपड्यांना इस्त्री करतेस.

मी भाषण तयार केलं आहे. त्या अधिकाऱ्याला मी चिनी भिक्षूपासून तेलिणीपर्यंत सगळं ऐकवणार आहे. मितान कशासाठी बदतात आणि तुमच्यासारखे लोक ते कशासाठी वापरतात, ते सांगणार आहे. तुझं नाव न घेता तुझे वाभाडे काढणार आहे. ऐकायला ये.

कांता


१८ एप्रिल २००७

काय म्हणून हाक मारू, कळत नाही. म्हणून हे पत्र असंच सुरू करते.

काल त्या खोलीत जे झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहून काढते, कारण दयारामला मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं.

अधिकारी तरुण होता, घाईत होता. म्हणाला, कायद्यात नात्यांची यादी आहे, त्यात गंगाजल नाही, हरकत कशी टिकणार? तेवढ्यात त्याच्या बाजूला बसलेल्या हेडक्लार्कने, बडे बाबूंनी, मान वर केली. कपाळाला चंदन, गळ्यात तुळशीची माळ, तिथलाच माणूस. ते हळूच म्हणाले, "साहब, कानून अपन जगा म. फेर गंगाजल बदे हें त भाई-बहिनी होगे." यशवंतराव ताठ झाला. "साहब, इन दोनों से ही पूछ लीजिए ना."

अधिकाऱ्याने सुस्कारा टाकला आणि मला विचारलं, "आपने गंगाजल बदा है?"

माझं सगळं भाषण तयार होतं. संघर्ष माझ्याकडे पाहत होता. त्याने घरून निघताना सांगितलं होतं, "आई, तू नाही म्हण. एकच शब्द. बाकी मी बघतो." पस्तीस वर्षं माझी जीभ एकदाही अडखळली नाही, मंत्र्यांसमोर नाही, पोलिसांसमोर नाही. मी म्हणाले, "हां." आणि पुढे काहीच सुचलं नाही. माझ्या मुलाने मान खाली घातली, ती मी पाहिली.

मग तुला विचारलं. तू पदर सारखा केलास. यशवंतरावाकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. बडे बाबूंच्या तुळशीच्या माळेकडे पाहत म्हणालीस, "नहीं. मेरी कोई गंगाजल नहीं है."

"पद्मिनी," यशवंतराव म्हणाला.

"मेले में बच्चे खेलते हैं, वैसा खेल था," तू म्हणालीस. "इन्होंने सच मान लिया होगा. मैंने कभी नहीं माना."

अधिकाऱ्याने हरकत फेटाळल्याचं लिहिलं. त्याला ते आधीच लिहायचं होतं, तुझ्या उत्तराने त्याचा वेळ वाचला. पण बडे बाबू तुझ्याकडे कसे पाहत होते, ते मी पाहिलं. रस्त्यात मेलेल्या जनावराकडे पाहतात तसे. मग त्यांनी खुर्ची वळवली. तो माणूस राजिमकडचा आहे. पुढच्या पुन्नीपर्यंत ही गोष्ट तुझ्या मंडपात, तुझ्या बायकांत, तुझ्या साध्वींत पोचलेली असेल: चौबे कॉलोनीच्या त्या बाईने भर कचेरीत गंगाजल नाकारलं. तुझ्या लोकांत यापेक्षा मोठं पाप नाही. गोहत्येलाही प्रायश्चित्त आहे.

मी बाहेर धावत आले. जिन्यावर तुला गाठलं. "काहून खोटं बोलली?" मी म्हटलं.

"मी खरं बोलली असती तर तुह्या पोट्ट्याचं काय झालं असतं?" तू म्हणालीस. "तू बोलली खरं. तुले परवडते. तुले कोणाच्या पाया पडायचं नाही." मग दोन पायऱ्या उतरून म्हणालीस, "आता मले गंगाजल म्हणू नको. लोकं ऐकतीन." खाली यशवंतराव स्कूटर चालू करून उभा होता, तोंड दुसरीकडे करून. तू मागे बसली नाहीस. रिक्षा केलीस.

मी तुझ्यावर इतकी चिडलेली कधीच नव्हते. लुगडं गेलं तेव्हाही नाही, मंडपात तोंड फिरवलंस तेव्हाही नाही. नाही म्हणणं माझं काम होतं. माझ्या तोंडून ते कुणालाच खटकलं नसतं. सगळे म्हणाले असते, कांताबाईच ती. मला एक शब्द जड झाला, आणि तो शब्द तू उचललास, जिला तो आयुष्यभर पुरेल. हे तू मला विचारून केलं नाहीस. तीन महिने मी तुला पत्रातून शिव्या घालत होते आणि तू इस्त्री करत हे ठरवत होतीस. एका ओळीने कळवलं असतंस तर मी तुला अडवलं असतं. म्हणूनच कळवलं नाहीस, हे मला आज कळतंय, आणि त्यानेही माझा राग कमी होत नाही.

दयाराम म्हणतो, "आता ती तुही विहीण झाली. आता तर भांडायचा परवानाच भेटला." त्याला सगळं सोपं वाटतं.

तुझी मुलगी आमच्या घरात येईल. तिला मी काही शिकवणार नाही, राजिमला जायचं असेल तर जाऊ देईन, न्यायला दयाराम आहे. मी तुझं बोलणं मान्य केलेलं नाही. तू त्या खोलीत सांगितलंस की माझी कोणी गंगाजल नाही. त्याच खोलीत मी हो म्हणाले आहे, आणि ते माझ्याकडून कुणी मागे घेऊ शकत नाही, तूसुद्धा नाही. तुझ्या मंडपातल्या बायका तुला हटकतील तेव्हा मला बोलाव. मी येईन आणि बिल्ला लावलेल्या सगळ्यांशी भांडेन. तोंड अजून शाबूत आहे, काल फक्त बंद पडलं होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला सह्या आहेत, त्याच कचेरीत, त्याच बडे बाबूंच्या समोर. तीन साक्षीदार लागतात. एक दयाराम. एक सचिन, तो पुण्याहून निघाला आहे. तिसऱ्या जागेसाठी संघर्षने दोन नावं सुचवली, मी दोन्ही नाकारली. यशवंतराव येणार नाही, हे मी धरून चालले आहे. तू एकटी ये.

एकदा खोटी साक्ष दिलीस. आता एक खरी दे.

कांता